‘ती स्वतःहून गेली होती’

(दृश्य: शाळा सुटल्यावरची गर्दी)

१४ वर्षांची मुलगी. हातात नवाकोरा फोन. कुणी दिला? “मित्रानं.” मित्र २६ वर्षांचा. शाळेला दांड्या वाढल्यात, रात्री उशिरा कुणीतरी गाडीनं सोडून जातं. घरी विचारलं की खोलीचं दार धाडकन बंद.

लोक म्हणतात, पोरगी हाताबाहेर गेली. इथंच आपण चुकतो. शोषण म्हटलं की कोंडून ठेवलेलं, रडणारं मूल डोळ्यांसमोर येतं. तसंही घडतं. पण कितीतरी मुलं हसत, स्वतःच्या पायांनी जातात, कारण कुणीतरी त्यांना त्यासाठी तयार केलेलं असतं. आधी कौतुक, मग भेटवस्तू, मग ‘हे आपल्या दोघांतच’. मग एक फोटो. त्या फोटोच्या धाकावर आणखी फोटो, पैसे, कधी मुलालाच दुसऱ्यांकडे पाठवणं. मुलगेही यात सापडतात. लाजेनं तेही बोलत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या मानवी तस्करीविरोधी करारानं हे ओळखलं. १८ वर्षांखालच्या मुलाला शोषणासाठी नेलं किंवा ठेवून घेतलं, तर ती तस्करीच. जबरदस्ती किंवा फसवणूक सिद्ध व्हायची गरज नाही. मुलाचा होकार मोजायचाच नाही.

(दृश्य: दोन खुर्च्या, समोरासमोर)

मूल सांगतं तेव्हा बहुधा अर्धंच सांगतं. कधी ‘माझ्या मैत्रिणीचं असं झालंय’ म्हणून. तेव्हा ‘तू गेलीसच का?’ हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये. “सांगितलंस, बरं केलंस. यात तुझी चूक नाही.” एवढं पुरे. कुणाला सांगणार नाही, असं वचन मात्र देऊ नका, ते पाळता येणार नाही. खोदून विचारू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. संशयिताला जाब विचारायला धावू नका, तो पुरावे पुसेल, मुलाला धमकावेल. चॅट डिलीट करू नका, आणि फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पाठवू नका. लगेच पोलिस किंवा बाल हेल्पलाइन. अत्याचार नुकताच झाला असेल, तर आंघोळीआधी, कपडे न धुता डॉक्टरांकडे.

तक्रारीनंतरही ती त्यालाच मेसेज करेल, कदाचित पुन्हा त्याच्याकडे पळेल. असं होतं. तेव्हाही लगेच कळवा, शोधायला लावा, आणि ‘हिलाच जायचंय’ म्हणून कुणी कागद बाजूला सारत असेल, तर ते चालवून घेऊ नका.