मानशीचं दार किती वेळ उघडं राहतं?

[दृश्य : खाजनाचा बांध, मानशीची लाकडी दारं]

ही मानस, म्हणजे बांधातला पाणी आत-बाहेर सोडणारा दरवाजा. गोव्याच्या खाजन शेतीचं सगळं गणित या दारांवर चालतं. ओहोटी लागली की शेतात साचलेलं पाणी दार बाहेर ढकलतं आणि नदीला मिळतं. भरती चढली की नदीचंच पाणी दार दाबून घट्ट बसवतं. ना वीज, ना पंप. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या गावकऱ्यांनी बांध घालून भरतीच्या पातळीखालची जमीन पिकवली. पावसानं मातीतलं मीठ धुतलं की कोरगुट लावायचं, खारटपणा सोसणारं भात. कापणीनंतर याच मानशीतून खारं पाणी आत घ्यायचं, कोळंबीसाठी, मासळीसाठी.

[दृश्य : मांडवीत होडी, पाण्याचा नमुना घेणारे हात]

१९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मुख्यालय दोनापावलाला आहे. तिथल्या संशोधकांनी मांडवी आणि जुवारीचं पाणी वर्षानुवर्षं मोजलं. पाऊस सरला की खारेपणा नदीत आत सरकत जातो, मे महिन्यापर्यंत. आणि भरती? ती सुमारे ४० किलोमीटर आतपर्यंत फारशी ओसरत नाही. म्हणजे समुद्र वाढला की त्याची झळ किनाऱ्यापासून दूरच्या बांधालाही लागणार.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद आहे. अशा जुन्या नोंदींवरून उत्तर हिंदी महासागराची पातळी विसाव्या शतकात वर्षाला एक ते दोन मिलिमीटरनं वाढल्याचं दिसलं. १९९३ नंतरच्या उपग्रह मोजणीत हा वेग तीन मिलिमीटरच्या पुढे गेला.

[दृश्य : जुलै, पाण्यानं भरलेलं शेत]

आकडा लहान वाटतो, पण मानशीपाशी उभं राहून बघा. नदी शेताच्या पाण्याखाली उतरते तेवढाच वेळ दार उघडं. समुद्र वर सरकला की तो वेळ आखडतो. ऐन जुलैत पाणी निचरत नाही, रोपं बुडून कुजतात. बाहेरून भरती बांधाच्या माथ्याला भिडते. एकदा बांध फुटला की शेतात मीठ शिरतं, आणि बांध पडून राहिला तर पुढच्या काही वर्षांत तिथे खारफुटी उगवते.

म्हणूनच बंदरातली मोजणी पुरेशी नाही, असं आम्हाला ठामपणे वाटतं. प्रत्येक मोठ्या मानशीवर पातळीची पट्टी हवी. दार कधी उघडलं, कधी मिटलं, पाणी किती खारं होतं, हे रोज लिहिलं गेलं पाहिजे. बांध किती उंच करायचा, हे त्या वहीवरून ठरवता येईल, आणि तेही उन्हाळ्यात, पाऊस लागण्याआधी.