नंबर तोच, कंपनी नवी

फोनमध्ये बसणारे नॅनो सिमकार्ड 12.3 मिलिमीटर लांब आणि 8.8 मिलिमीटर रुंद आहे. आपला फोन नंबर याच कार्डात असतो अशी अनेकांची समजूत असते, आणि म्हणून कंपनी बदलायचा विषय निघाला की पहिली धास्ती वाटते ती नंबर हातचा जाण्याची. प्रत्यक्षात कार्डातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या असतात: ग्राहकाची ओळख सांगणारा, जास्तीत जास्त 15 अंकी क्रमांक आणि एक गुप्त किल्ली. या किल्लीची जोडप्रत कंपनीच्या सर्व्हरवर जपून ठेवलेली असते. फोन सुरू झाला की नेटवर्क कार्डाकडे एक संख्या पाठवते, कार्ड किल्ली वापरून तिचे उत्तर काढते, आणि ते जुळले तरच कोपऱ्यात रेंजच्या रेघा उमटतात. आपला नंबर मात्र कंपनीच्या नोंदींमध्ये त्या ओळख क्रमांकासमोर लिहिलेला असतो. ती नोंद हलवली की नंबरही हलतो.

ही नोंद हलवण्याचा हक्क ग्राहकाला बऱ्याच उशिरा मिळाला. तोपर्यंत नंबरचे सुरुवातीचे आकडे पाहूनच कंपनी ओळखता येत असे, आणि कंपनी सोडणाऱ्याला प्रत्येक परिचिताला, बँकेला आणि कार्यालयाला नवा नंबर कळवत बसावे लागे. या त्रासापायी कित्येकांनी न पटणारी सेवा वर्षानुवर्षे निमूटपणे चालवून घेतली. ब्रिटन आणि हाँगकाँगमध्ये 1999 साली, अमेरिकेत नोव्हेंबर 2003 मध्ये आणि भारतभर जानेवारी 2011 मध्ये मोबाइल नंबर पोर्ट करण्याची, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची, सोय सुरू झाली.

त्याच 1999 साली ब्रिटनमध्ये व्हर्जिन मोबाइल ही सेवा सुरू झाली. तिच्याकडे स्वतःचा एकही टॉवर नव्हता. ‘वन टू वन’ या प्रस्थापित कंपनीचे नेटवर्क वापरून ती आपल्या नावाने सेवा देत होती. आजच्या अनेक नव्या मोबाइल सेवा याच पद्धतीने चालतात. लहरींचे परवाने आणि टॉवर यांवरचा अवाढव्य खर्च जुनी कंपनी करते, तर नवी कंपनी तिच्याकडून मिनिटे आणि डेटा घाऊक दराने घेऊन किरकोळीने विकते. 2015 मध्ये गुगलने अमेरिकेत सुरू केलेली सेवा तर एकाच फोनला दोन कंपन्यांच्या नेटवर्कांमध्ये आलटून पालटून जोडत असे. म्हणजे अशा नव्या कंपनीकडे गेल्यावरही आपला आवाज कुठल्यातरी जुन्या कंपनीच्याच टॉवरवरून जात राहतो, बदलतो तो आपला हिशेब ठेवणारा.

मग घाऊकीत घेऊन विकलेल्या अशा स्वस्त सेवेत उणे काय असते? याचे खरे उत्तर गर्दीत मिळते. खचाखच भरलेल्या स्टेडियममध्ये शेजारी बसलेल्या दोघांचे फोन एकाच टॉवरला जोडलेले आहेत आणि दोघांच्याही पडद्यावर रेंज पूर्ण आहे. एकाचा व्हिडिओ सुरळीत चालतो आणि दुसऱ्याच्या पडद्यावर वर्तुळ फिरत राहते. 4जी नेटवर्कमध्ये डेटाला प्राधान्याची श्रेणी देता येते. टॉवरवर ताण आला की खालच्या श्रेणीचा डेटा मागे राहतो, आणि घाऊकीत विकलेला डेटा पुष्कळदा याच खालच्या श्रेणीत असतो. शांत वेळी हा फरक जाणवतही नाही. पण ही अट कराराच्या बारीक अक्षरांत दडवली जाते, आणि हे मला मुळीच मान्य नाही. ग्राहकाला ती पैसे भरण्याआधी, ठळकपणे आणि त्याच्या भाषेत सांगितली गेली पाहिजे.

आता प्रत्यक्ष बदलाकडे वळू. हप्त्यांवर घेतलेला फोन जुन्या कंपनीच्या सिमपुरता लॉक केलेला असू शकतो, म्हणून तो आधी अनलॉक करून घ्यावा लागतो. जिथे 2जी आणि 3जी दोन्ही बंद झाले आहेत तिथे साधा कॉलसुद्धा 4जीवरून जातो, त्यामुळे आपल्या फोनवर ही सोय नव्या नेटवर्कवर चालते का, हेही विचारून घ्यावे. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे उत्साहाच्या भरात जुनी सेवा आधीच बंद करणे. पोर्ट करायचा नंबर चालू असावा लागतो, आणि बंद झालेला नंबर परत मिळेलच याची खात्री नसते. पोर्टिंगसाठी मिळालेला कोड कोणालाही सांगू नये, कारण आपला नंबर पळवून बँकेचे ओटीपी मिळवू पाहणारे भामटे याच वाटेने येतात.

नोंद हलत असतानाचा काळ थोडा विचित्र असतो. काही वेळा नव्या कार्डावरून फोन लावता येतो, पण आपल्याला आलेला फोन जुन्याच कार्डावर वाजतो. अशा वेळी ओटीपीही भलतीकडे जाऊ शकतो, म्हणून पैशांचे महत्त्वाचे व्यवहार त्या दिवशी बाजूला ठेवावेत.

पिन टोचली, ट्रे बाहेर आला, कार्ड बदलले. फोन पुन्हा सुरू झाल्यावर एक कॉल करून पाहावा, एक कॉल घेऊन पाहावा, आणि एखादा ओटीपी मागवून पाहावा. तिन्ही गोष्टी जमल्या की जुने कार्ड टाकून द्यायला हरकत नाही.