तार तुटते ती हुकापाशी

(गळीत हंगामाच्या तोंडावर सांगलीत ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरमालकांपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, खंडेनवमीला तुम्ही सगळ्यांनी ट्रॅक्टर धुतले, हार घातले, ट्रॉली जोडायच्या हुकालासुद्धा हळदकुंकू लावलं असेल. मला आज त्या हुकाबद्दलच बोलायचंय. विषय दिलाय ‘ट्रॉलीला रिव्हर्स कॅमेरा बसवणे’. कॅमेरा बसवायला वीस मिनिटं लागतात. दोन भोकं, दोन बोल्ट. उरलेला अख्खा दिवस तारेत जातो, आणि मी गिऱ्हाइकाकडनं पैसे घेतो ते तारेचेच.

मोटारींना हे आता जुनं झालं. आपल्याकडं १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचा पार्किंग सेन्सर सक्तीचा आहे. अमेरिकेत त्याच्या आदल्या वर्षी, मे २०१८ पासून, कॅमेराच सक्तीचा झाला. तिथला कायदा एका लहान मुलामुळं आला. बाप गाडी मागं घेत होता, आणि त्याचंच पोरगं चाकाखाली आलं. आता आपला फड डोळ्यांपुढं आणा. ट्रॉली मागं घेताना मागं कोण असतं? बाई मोळ्या बांधत असते, तिचं तान्हं पाचटावर गोधडीत झोपलेलं असतं. ड्रायव्हरनं कितीही मान वळवली तरी त्याला फाळका, म्हणजे ट्रॉलीची फळी, तेवढी दिसते. फाळक्याच्या पलीकडचं कुणाला दिसलंय?

कॅमेरा कुठं लावायचा यावर लोक माझ्याशी भांडतात. वर लावला तर नजारा चांगला, पण भरताना मोळीचा पहिला दणका त्यालाच. मधोमध खाली लावला तर चिखलात रुतलेल्या ट्रॉलीला मागनं दुसरा ट्रॅक्टर रेटतो, त्यात चेंगरला. मी मागच्या आडव्या चॅनेलच्या पोटात, मधापासनं वीतभर बाजूला लावतो, आणि भोवती लोखंडी पाइपचा चार बोटं तुकडा टोपीसारखा वेल्ड करतो. ऊस भरल्यावर शेंडे मागं लोंबतात, तेव्हा अर्धं चित्र हिरवं दिसणार, ते धरून चाला. खरी गरज रिकामी ट्रॉली फडात मागं घेताना असते.

आता तार. माझं पहिलं काम मी फार देखणं केलं होतं. तार ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डवरनं ट्रॉलीच्या डाव्या कोपऱ्यात नेली, ताणून बांधली, दिसायला अगदी वीणेच्या तारेसारखी. कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर उजवीकडं वळला आणि तार तुटली. गिऱ्हाइकानं तुटलेलं टोक हातात आणून दिलं. बोलला काही नाही, तेच जास्त लागलं. त्या रात्री मी दुकानाच्या दाराकडं बघत बसलो. दार उघडलं की कडीची बाजू तीन फूट लांब जाते, पण बिजागरीपाशी काहीच हलत नाही, नुसतं जागच्या जागी फिरतं. हुकाची पिन म्हणजे ट्रॉलीची बिजागरी. तार पिनेच्या बरोबर वरनं नेली तर कुठंही वळा, हातभर ढील पुरते. कोपऱ्यातनं नेली तर ढील पुरत नाही, आणि पुरेल एवढी सोडली तर ती टायरखाली जाते.

म्हणून ड्रॉबारवर, म्हणजे ट्रॉली ओढायच्या दांड्यावर, गजाचा एक आकडा उभा करायचा आणि तिथं गुंडाळीची तार, जुन्या फोनच्या रिसिव्हरला असायची तसली, लोंबती ठेवायची. प्लग चार पिनांचा, फिरकीचा घ्या. मोटारीच्या टेपला लागतो तसला खोचायचा प्लग बांधावरच्या दोन हादऱ्यांत निसटतो. आणि प्लग पिनेला लागूनच ठेवा. पिन काढायला हात घातला की आधी तार हाताला लागली पाहिजे. नाहीतर ट्रॉली सोडून ट्रॅक्टर पुढं काढला आणि सॉकेट उपटून गेलं, हे प्रत्येक हंगामात दोन-तीनदा तरी होतं.

हुकाच्या मागं मात्र उलटा हिशोब. तिथं तार सूतभरही हलता कामा नये. चेसिसच्या चॅनेलच्या आतल्या बगलेनं न्यायची, दर वीतभर अंतरावर पट्टी. स्प्रिंगच्या पाट्यांच्या जवळनं नको, जॅकच्या पाइपाला बांधायची नाही. वरच्या कडेनं तर मुळीच नको, कारण कारखान्यात ऊस ओततात त्या गव्हाणीपाशी क्रेन साखळी उचलते तेव्हा त्या कडेवर काही शिल्लक राहत नाही. लोखंडातल्या भोकातनं तार जाईल तिथं रबराचा ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी कडी, हवीच. नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दुमडून घाला. आणि तारेला वरनं चिलखत म्हणून ठिबकची १६ मिलिमीटरची साधी नळी, ड्रिपर नसलेली. तुमच्या बांधावर ती पडलेलीच असते. प्लग आतनं जात नाही, म्हणून नळी ब्लेडनं लांबीनं चिरायची, तार आत घालायची आणि चीर खालच्या बाजूला ठेवायची. पाणी शिरलं तर निथळून जाईल. मिस्त्री लोक हसतात. हसू देत, मी बसवलेल्या तारेला उसाचं बुडखं लागून कापलेलं अजून पाहिलं नाही.

आता अर्थिंगचं सांगतो, म्हणजे करंट परत यायच्या वाटेचं. निम्म्या तक्रारी कॅमेऱ्याच्या नसतातच, अर्थिंगच्या असतात. लाल तार टाकायची आणि काळी ट्रॉलीच्या लोखंडाला आवळायची, ही आपली जुनी खोड. मग करंट परत यायचा कुठनं? हुकातनं. हुकात गंज, ग्रीस, माती. चढाला हुक ताणला की चित्र येतं, उताराला सैल पडला की जातं, आणि ड्रायव्हर म्हणतो कॅमेरा भुताचा आहे. काळी तार लालेबरोबर थेट बॅटरीपर्यंत आणा. बॅटरीपाशी लालेवर दोन अँपियरचा फ्यूज. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा, कॅमेराही तेवढ्यावर चालणारा, एवढं खोक्यावर वाचून घ्या. ट्रॉलीला वेल्डिंग करायच्या आधी प्लग काढायला विसरू नका. एका शेडमध्ये तुटलेला पाटा डागला आणि त्याच ठिणगीत कॅमेरा गेला. पैसे कुणी द्यायचे यावर नंतर दोन दिवस वाद.

आता तुमच्या लाडक्या विषयावर येतो. साउंड सिस्टीम. हसताय, पण चित्रात आडव्या रेघा येतात त्या बऱ्याचदा तिच्याचमुळं. अँप्लिफायरची जाड तार आणि कॅमेऱ्याची तार एकाच पट्टीत बांधता, मग गाण्याचा ठोका पडद्यावर दिसतो. एक तार डाव्या बाजूनं, दुसरी उजव्या. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात.

बिनतारी कॅमेरा घ्यावा का, असं दरवेळी कुणीतरी विचारतं. बिनतारी म्हणजे फक्त चित्र बिनतारी. त्याला करंट तारेनंच द्यावा लागतो, म्हणजे हुक चुकला नाहीच. शिवाय उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि चित्र आणणारी बिनतारी लहर पाण्यात मुरते. भरलेल्या दोन ट्रॉल्यांच्या पलीकडनं चित्र अडखळत येतं.

पडद्याचं एकच बघा. चित्र आरशासारखं उलटं दिसायला हवं, म्हणजे डावीकडचं माणूस पडद्यावरही डावीकडंच. मागं घेताना ट्रॉली आधीच स्टीअरिंगच्या उलट जाते. त्यात चित्रही चुकलं तर पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला ड्रायव्हरसुद्धा ट्रॉली उसात घालतो. बऱ्याच कॅमेऱ्यांना यासाठी तारेचा एक छोटा वेटोळा दिलेला असतो, तो कापला की बाजू पालटते. कापायच्या आधी एकाला मागं उभं करून हात वर करायला सांगा.

आणि दोन ट्रॉल्यावाल्यांनो, कॅमेरा शेवटच्या फाळक्यामागचं दाखवतो. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये पिन धरून उभा असलेला तुमचा पोऱ्या त्यात कुठंच नसतो. मी पहिल्या ट्रॉलीच्या मागं दुसरा कॅमेरा हुकाकडं तोंड करून लावायला लागलोय. मॉनिटरवर निम्म्या निम्म्या भागात दोन्ही चित्रं येतात. तरी जोडताना ड्रायव्हरनं पोऱ्याचा आवाज आल्याशिवाय क्लच सोडायचा नाही, आणि तेवढ्या वेळापुरतं गाणं बंद.

बाहेर माझी ट्रॉली उभी आहे, नळी उघडून ठेवलीय. चहा घ्या आणि या. दोघा-तिघांनीच चॅनेलखाली वाका, बाकीच्यांनी जरा उजेड सोडा.