बोरे दा, मंडळी!

बोरे दा मंडळी! बोरे म्हणजे सकाळ, दा म्हणजे छान, झालं, वेल्श सुरू, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सची भाषा. थँक्यूला डिओल्ख, तो ख घशातून खरखरीत काढायचा. वेल्सची राजधानी कार्डिफ, तिथं बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला आवर्जून थँक्यू म्हणतात, तिथं हा डिओल्ख वापरून बघा. (आपण एसटीतून उतरताना म्हणतो का कधी? बॅग काढायची घाई, बास.)

आता माझा लाडका किस्सा. 2008 ची गोष्ट. वेल्समध्ये रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत असतात, इंग्रजी आणि वेल्श. तर तिथल्या स्वान्सी शहराच्या कौन्सिलला, म्हणजे पालिकेला, पाटी लावायची होती, अवजड वाहनांना प्रवेश बंद, इथं फक्त वस्ती आहे. इंग्रजी मजकूर तयार, वेल्श हवं म्हणून भाषांतर विभागाला मेल टाकला आणि लगेच उत्तर आलं की वेल्शमध्ये! वा, काय तत्पर खातं! तो मजकूर जसाच्या तसा पाटीवर छापला, पाटी रस्त्यावर उभी. मग वेल्श येणाऱ्यांनी वाचलं तर काय, वर इंग्रजीत ट्रकला बंदी आणि खाली वेल्शमध्ये लिहिलंय, मी सध्या ऑफिसात नाही, भाषांतराचं काही काम असेल तर पाठवून द्या! ऑटो-रिप्लाय हो, माणूस जागेवर नसताना मेलला आपोआप जाणारं उत्तर, तो ऑटो-रिप्लाय छापला! पाटी काढावी लागली अर्थात. मला तर हे ऑटो-रिप्लाय प्रकरणच पटत नाही, सुट्टीवर चाललात ना, मग गुपचूप जा की, अख्ख्या गावाला कशाला सांगायचं.

पण त्या पाटीतलं 'आर हिन ओ ब्रिड' लक्षात ठेवा. आर हिन ओ ब्रिड, म्हणजे सध्या, आत्ता. रोज लागतं.

आणि आपल्याला एक गोष्ट फुकटात मिळते, तू आणि तुम्ही. वेल्शमध्ये मित्राला 'ती', मोठ्यांना 'खी', तोच खरखरीत ख. इंग्रजीवाले इथं अडखळतात, आपल्याला कुणी शिकवायला नको. चहाचं मात्र बघून घ्या, कपभर चहाला वेल्सच्या उत्तरेत पानेड म्हणतात, दक्षिणेत डिशग्लेड. हाय-हॅलोचंही तसंच, दक्षिणेत शुमाय, उत्तरेत स्माय. 15 ऑक्टोबरला तिथं शुमाय दिवस असतो, त्या दिवशी बोलायची सुरुवात वेल्शमधून करायची, पुढं गाडी इंग्रजीवर गेली तरी चालतं. तेव्हा तिकडं शिकायला गेलेली कुणाची पोरं ऐकत असतील तर तारीख लिहून घ्या, 15 ऑक्टोबर, शुमाय.