तुकडा काढण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटणे ही बहुतेक घरांच्या परिचयाची गोष्ट आहे. नाकातले नाजूक अस्तर कोरडे पडते, त्यात बोट जाते, रक्त येते आणि नाक चिमटीत दाबून धरले की थांबते. आज मी बोलणार आहे ते याहून वेगळ्या, फार क्वचित आढळणाऱ्या रक्तस्रावाविषयी.

ऐन वयात येणाऱ्या मुलाची एकच नाकपुडी महिनोन्महिने चोंदलेली राहते, तो तोंड उघडे टाकून झोपतो, आवाज गेंगाणा होतो आणि काही लागलेले नसताना त्याच बाजूने शर्ट भिजेल इतके रक्त वारंवार येते. अशा वेळी आम्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या मनात अँजिओफायब्रोमा या गाठीची शंका यायलाच हवी. ती जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होते. ती कर्करोगाची नसते. पण नाकाच्या मागच्या भागात उगवून गालाच्या पोकळीमागे, डोळ्याच्या खोबणीकडे, कधीकधी कवटीच्या आतही शिरते.

दुर्बिणीतून ती गुळगुळीत, लालसर दिसते. पॉलिप, म्हणजे नाकातली साधी मऊ वाढ, समजून तपासणीसाठी तिचा तुकडा घेण्याचा मोह इथेच होतो. या गाठीतल्या अनेक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंचा थर अपुरा असतो किंवा मुळीच नसतो, त्यामुळे कापल्यावर त्या आक्रसत नाहीत आणि तपासणीच्या खुर्चीवरच आवरता न येणारा रक्तस्राव होऊ शकतो. तुकडा तपासल्याशिवाय गाठीचे निदान पक्के होत नाही, असे एरवी आम्हीच सांगतो. ही गाठ त्याला अपवाद आहे.

म्हणून आधी कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात यासाठीचे औषध, शिरेतून देऊन सीटी स्कॅन करतात. गालाच्या पोकळीची मागची भिंत गाठीच्या दाबाने पुढे वाकलेली दिसली, की निदानाला मोठा आधार मिळतो. गाठ किती खोल गेली आहे, हे एमआरआय दाखवतो. शस्त्रक्रिया ठरल्यास अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचे चित्रण, करून गाठीला रक्त पुरवणारी धमनी, बहुधा वरच्या जबड्याकडच्या मॅक्झिलरी धमनीची शाखा, एक-दोन दिवस आधी बंद करता येते.

प्रौढांची गोष्ट निराळी आहे. गरोदरपणात नाकात येणारी लहानशी लाल गाठ बहुधा केशवाहिन्यांची असते. उतारवयातल्या ग्लोमँजिओपेरिसायटोमा या रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशींच्या दुर्मीळ गाठीचे निदान मात्र पेशी तपासल्यावरच होते. तिथेही स्कॅन आधी, तुकडा नंतर.

मुलाच्या नाकातल्या वाढीचा तुकडा घेऊ या, असे कुणी सुचवले, तर स्कॅन कधी करायचा, हे पालकांनी निःसंकोच विचारावे.