परेड, प्रॅक्टिकल आणि दळण

नमस्कार मंडळी, ऐकताय ना सगळे? आज मला बोलायला सांगितलंय ते एनसीसी, म्हणजे नॅशनल कॅडेट कोअर, आणि कॉलेज एकत्र कसं जमवायचं यावर, आणि मी तेव्हाच सांगून टाकलं की टाइमटेबलचा तक्ता वगैरे काय मी देणार नाही. तसले तक्ते मैत्रिणींच्या हॉस्टेलच्या भिंतीवर पुष्कळ बघितलेत, आठवड्याभरात त्याच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातलेला असतो.

मी कराडजवळच्या गावातनं रोज एसटीनं येते, बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, एनसीसीचं तिसरं वर्ष आत्ताच संपलं, सी सर्टिफिकेटची, म्हणजे एनसीसीतल्या सगळ्यात वरच्या सर्टिफिकेटची, परीक्षा दिलीय आणि निकालाची वाट बघतेय.

तर आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण खाकी घालून स्टँडवर उभं राहिलं की कुणीतरी काकू विचारतातच, "काय गं, मिल्ट्रीत लागलीस व्हय?" नाही लागले काकू. एनसीसी म्हणजे फौज नव्हे. 1948 च्या कायद्यानं ती सुरू झाली, मुलींचा विभाग 1949 ला आला, आणि कॅडेट झालात म्हणून फौजेत जायलाच पाहिजे असं कुठलंही बंधन नाही. आपल्याकडची राखीव फौज म्हणजे टेरिटोरियल आर्मी, आपण टीए म्हणतो ती. कोल्हापूरला टीएची मराठा लाइट इन्फन्ट्रीची बटालियन आहे, पुण्याला आहे. तिथला मूळ विचारच असा की माणसानं आपला कामधंदा करायचा, वर्षातून ठरलेले दिवस ट्रेनिंग करायचं आणि सरकारनं बोलावलं की वर्दी घालून हजर व्हायचं. टीएत ऑफिसर व्हायचं तर पदवी आणि वर स्वतःची कमाई लागते, म्हणजे नुसत्या विद्यार्थ्याला तो दरवाजा बंदच. अमेरिकेत नॅशनल गार्डमध्ये महिन्यातला एक वीकएंड आणि वर्षातले दोन आठवडे असा हिशोब असतो, तिकडे कॉलेजची पोरं सर्रास त्यात असतात आणि फीला मदत मिळते म्हणूनही जातात. आपल्याकडे विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ती एनसीसी.

पण जवान म्हणून टीएत जाता येतं, माझा मामेभाऊ गेलाय. तो मुक्त विद्यापीठातनं बीए करतोय. त्याची पलटण बोलावणीवर गेली की तो पूर्णवेळ सैनिक, पगार रेग्युलर जवानासारखा, ड्युटी पण तशीच, आणि मग परीक्षेचं सेंटर इकडे सातारा जिल्ह्यात आणि भाऊ तिकडे कुठंतरी बॉर्डरच्या बाजूला. पुस्तकं बॅगेत असतात त्याच्या, पण गार्ड ड्युटी करून आल्यावर माणूस भारतीय राजकीय विचार वाचेल का झोपेल, तुम्हीच सांगा. त्याचे पेपर राहतात, पुढच्या वेळी देतो, पुन्हा एखादा राहतो, आणि याचं त्याला काहीच वाटत नाही, कारण मुक्त विद्यापीठात तेवढी सोय आहे. आमच्यासारख्या रेग्युलर कॉलेजवाल्यांना ती नाही, आमचं सेमिस्टर कुणासाठी थांबत नाही.

आता ते विद्यापीठ कुणाच्या नावाचं, तर यशवंतराव चव्हाणांच्या, आणि आपल्या कराडकरांना हे सांगायला नको की चीनच्या युद्धाच्या वेळी, नोव्हेंबर 1962 मध्ये, ते दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. त्यानंतर 1963 ला कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. माझे आजोबा त्या सक्तीतले. ते सांगतात की बूट मापाचे मिळायचेच नाहीत, पुढं कापूस कोंबून परेड करायची, आणि निम्मी पोरं नुसती हजेरीपुरती यायची. 1968 ला सक्ती गेली. मला तर वाटतं बरंच झालं, ज्याला यायचंच नाही त्याला उभं करून उन्हात "सावधान" म्हणण्यात काय मजाय.

बरं, आता रोजचं. आमची परेड रविवारी सकाळी, आणि त्याची खरी सुरुवात शनिवारी रात्री होते. हे बाहेरच्यांना कळत नाही. वर्दीला स्टार्च करून कडक इस्त्री, बाहीची घडी अशी पाहिजे की उस्तादांनी, म्हणजे ड्रिल शिकवणाऱ्यांनी, लांबनं बघितलं तरी दिसली पाहिजे. बुटाला पॉलिश लावायचं, मग कापसाचा बोळा किंचित ओला करून टोकावर गोल गोल फिरवत बसायचं, घाई केली की पांढरट डाग येतात आणि पुन्हा पहिल्यापासनं. बेल्टच्या बक्कलला ब्रासो. केसांचा अंबाडा, त्याला जाळी, बाहेर एक बट दिसता कामा नये. हे सगळं चालू असताना समोर भिंतीला टेकवलेलं असतं प्रॅक्टिकलचं जर्नल, कारण सोमवारी सबमिशन. मी ऑरगॅनिकच्या रिअ‍ॅक्शन बूट घासता घासता पाठ केल्यात, आणि खरं सांगू, त्या माझ्या जास्त लक्षात राहिल्या, हात चालू असला की डोकं भटकत नाही. हे माझं आहे हां, सगळ्यांना लागू पडेल असं नाही.

परेड झाली की वडापाव आणि केळं मिळतं. त्याच्यासाठी येणारे पण आहेत, नावं घेत नाही.

वर्षभराच्या परेडचं जमून जातं, गाडी अडते ती कॅम्पला. दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प, पहाटे उठायचं, पीटी, मग ड्रिल, फायरिंग, मॅप रीडिंग, मेसटिन घेऊन लंगरची, म्हणजे जेवणाची, लाइन, संध्याकाळी खेळ, रात्री रोल कॉल आणि लाइट बंद. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा. कॅम्पला पुस्तक नेऊन अभ्यास करू असं ज्युनियर मुली म्हणतात तेव्हा आम्ही सीनियर काही बोलत नाही, नेऊ दे म्हणतो, उशाला उपयोग होतो. तिथं अभ्यास होत नाही. दिवसाला काय अर्धा तास मोकळा मिळाला तर त्यात कपडे धुवायचे असतात. कॅम्प सुट्टीत पडला तर नशीब, मध्येच पडला तर इंटर्नल परीक्षा आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस गेल्या.

आणि दिल्लीची सव्वीस जानेवारी डोक्यात असेल तर विषयच वेगळा. आरडीसीसाठी, म्हणजे दिल्लीच्या रिपब्लिक डे कॅम्पसाठी, एकामागनं एक निवडीचे कॅम्प असतात, पावसाळा सरता सरता सुरू होतात, आणि निवड झालीच तर जानेवारी महिना पूर्ण दिल्ली कँटॉन्मेंटला. म्हणजे एक सेमिस्टर जवळजवळ तिकडंच. महाराष्ट्रानं 2022 आणि 2023 ला पंतप्रधानांचा बॅनर, म्हणजे त्या कॅम्पातला पहिल्या नंबरचा मान, जिंकला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, ठेवायलाच पाहिजेत, पण त्या पोरापोरींनी परत येऊन बॅकलॉगचे फॉर्म कसे भरले ते कुणी स्टेटसला ठेवलं नाही. माझी एक मैत्रीण निवडीच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत जाऊन परत आली, तिला दिल्ली पण नाही मिळाली आणि फिजिक्सचं इंटर्नल पण गेलं. तरी ती म्हणते पुन्हा जाईन. ती तशीच आहे.

कागदावर बघाल तर यूजीसीनं 2021 मध्ये विद्यापीठांना कळवलंय की एनसीसी हा ऐच्छिक विषय म्हणून द्या, सहा सेमिस्टरमध्ये मिळून 24 क्रेडिट. चांगली गोष्ट आहे. पण क्रेडिट मिळालं म्हणून टायट्रेशनची रीडिंग आपोआप येत नाहीत, ती माझ्या प्रॅक्टिकल पार्टनरनं घेतली, माझा ब्युरेट पण तिनंच धुतला, आणि कॅम्पवरनं आल्यावर वही पुढं केली, "घे, उतरव." गेल्या दोन वर्षांत हे कितीदा झालं असेल. एका सरांनी कॅम्पचं पत्र बघून हजेरी लावली, दुसऱ्यांनी पत्र बाजूला ठेवून सांगितलं "वर्गात होतीस का? नाही ना?" दोघंही आपापल्या जागी बरोबर, नियमच तेवढा धूसर आहे. म्हणून पत्र कॅम्पच्या आधी द्यायचं, आल्यावर नाही. आधी दिलं की सर स्वतःच सांगतात कुठली बॅच चुकेल, कुणाबरोबर भरून काढ.

आणि घरी. हे मला जास्त सांगायचंय, कारण सत्काराच्या भाषणात "अभ्यास आणि एनसीसीचा समतोल राखला" असं माझ्याबद्दल बोलले तेव्हा आई मागच्या खुर्चीवर बसली होती आणि मला हसूच आलं. समतोल मी नाही राखला हो! रविवारचं दळण माझ्याकडं असायचं, ते धाकटीकडं गेलं. सकाळी म्हशीच्या धारेला आईला हात लागायचा माझा, तो बंद झाला, बाबा करायला लागले, आणि बाबांना म्हैस नीट जवळ उभं राहू देत नाही ही वेगळी गंमत. परेडच्या दिवशी पहिली एसटी पकडायची म्हणून डबा आई करते, तिला माझ्याआधी उठायला लागतं. अभ्यासातलं फार काही गेलं नाही माझं, मार्क बरे आहेत. माझ्या वाटणीची कामं दुसऱ्यांनी उचलली, आणि मुलगी असून घरानं ती उचलली, म्हणून मी टिकले. आमच्याबरोबर पहिल्या वर्षाला आलेल्या ज्या मुलींनी एनसीसी सोडली ना, त्या काही आळशी नव्हत्या, त्यातली एक तर माझ्यापेक्षा छान कमांड द्यायची, सगळं ग्राउंड हलायचं. तिच्या घरी रविवारी तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं करायला, एवढंच.

आता कुणाला पुढं ऑफिसर व्हायचं असेल त्यांच्यासाठी. सी सर्टिफिकेटला निदान बी ग्रेड असेल तर एनसीसी स्पेशल एंट्रीतनं सीडीएसच्या, म्हणजे फौजेतल्या ऑफिसर भरतीच्या, लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीला, बोलावतात, पण त्यासाठी पदवीला 50 टक्के पाहिजेत. म्हणजे परेडच्या नादात डिग्री घसरली तर ते सर्टिफिकेट फ्रेम करून ठेवायचं. आणि सी ची परीक्षा द्यायला पण परेडची 75 टक्के हजेरी लागते. दोन्हीकडची हजेरी महिन्याच्या महिन्याला बघत जा, फेब्रुवारीत जाऊन रडून काही होत नाही.

कॉलेज सुरू झालं की नवीन भरती लागेल. बँकेचं पासबुक, फोटो, मेडिकल यांचं बघून ठेवा, धावायची थोडी सवय करा. आणि फॉर्मवर सहीला घरी जाल तेव्हा नुसती सही घेऊ नका, दहा दिवस कॅम्पला गेल्यावर घरातलं कुठलं काम कुणी करायचं तेही तिथंच बसून ठरवा, भावाला पण बसवा त्या बोलण्यात. माझी धाकटी आता अकरावीला गेलीय आणि तिला पुढच्या वर्षांत एनसीसी घ्यायचीय म्हणते. त्यामुळं आमच्याकडं दळण पुन्हा माझ्याकडं येणार असं दिसतंय. चला, येते मी, पुढं बाजारभाव आहेत, ते ऐका.