रोल नंबर ४७

हजेरी सुरू आहे. ४३... ४४... तिचा नंबर ४७. ‘येस सर’ हे दोन शब्द तिने मनात चार वेळा घोकलेत. आवाज चिरकला तर? सगळे वळून बघतील.

खरं तर कोण बघतंय? मागच्या बाकांवर मोबाइल, पुढच्या बाकांवर जर्नल पूर्ण करायची घाई. पण सोशल अँक्झायटीत, म्हणजे लोक आपल्याला काय म्हणतील या सततच्या भीतीत, नजर बाहेर जातच नाही. ती आत वळते. हात थरथरतोय का? चेहरा लाल झाला का? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये हे चक्र मांडलं. आपल्याकडे त्याला ‘लाजाळू आहे जरा’ म्हणून सोडून देतात.

आता जरा मागे, बाळपणात जाऊ. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात, मग अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये आई आणि बाळांचं निरीक्षण केलं. अनोळखी खोली, साधारण वर्षाचं बाळ. आई थोडा वेळ बाहेर जाते. बाळ किती रडलं, यापेक्षा आई परतल्यावर ते काय करतं, हे त्यांना जास्त बोलकं वाटलं. कुणी बिलगतं आणि पुन्हा खेळायला लागतं. कुणी बघतसुद्धा नाही. कुणी बिलगतं आणि ढकलतंही.

हे ढकलणारं बाळ कॉलेजात कसं दिसेल? ‘व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही. माझंच काहीतरी चुकलं.’ नात्याबद्दलची ही धाकधूक आणि सोशल अँक्झायटी विद्यार्थ्यांमध्ये बरेचदा जोडीने आढळतात. म्हणून लगेच आईवर खापर फोडू नका. स्वभाव, शाळा, वर्गातली टिंगल, सगळ्याचा त्यात वाटा असतो.

ही धाकधूक आणि सोशल अँक्झायटी, या दोहोंच्या मध्ये एक आवाज असतो: चुकल्यावर आपण स्वतःशी बोलतो तो. मैत्रीण अडखळली तर ‘जाऊ दे गं’. स्वतः अडखळलो तर ‘मूर्ख!’ मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणा मोजायची प्रश्नावली दिली. आत्मकरुणा म्हणजे स्वतःशी मायेनं वागणं, मनातलं न फुगवता बघणं आणि ‘असं सगळ्यांचंच होतं’ हे उमगणं. ही माया जिथे कमी, तिथे भीती जास्त आढळते. कशामुळे काय, हे मात्र एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून ठरत नाही.

‘४७.’

‘येस सर.’

चिरकलाच आवाज. तिच्या तोंडून हलकेच निघतं, ‘जाऊ दे गं.’

‘४८.’